मोड्यूल बदलण्याआधी ६० ओहम मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की टायर, वायपर आणि ब्रेकची काळजी कशी घ्यावी हे वर्तमानपत्रांतून दरवर्षी छापून येते. ते उपयोगाचेही असते. पण आजच्या गाड्यांना पावसात होणारा एक बिघाड त्या यादीत कधीच नसतो, आणि ग्राहकाचा खिसा सगळ्यात जास्त तोच रिकामा करतो. गाडी खड्ड्यात आदळते, मीटरचे काटे एकदम शून्यावर येतात, एबीएस, स्टिअरिंग आणि एअरबॅगचे दिवे एकत्र लागतात, स्टिअरिंग जड होते आणि पाच मिनिटांनी सगळे आपोआप ठीक. किंवा रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फच घेत नाही. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की ‘लॉस्ट कम्युनिकेशन’ हे शब्द आणि ‘यू’ने सुरू होणारा कोड दिसतो. मोड्यूल म्हणजे गाडीतले एकेक काम सांभाळणारी छोटी संगणक-पेटी. यू०१०० म्हणजे इंजिनच्या मोड्यूलशी, ईसीएमशी संपर्क तुटला, यू०१०१ गिअरबॉक्सच्या मोड्यूलशी, यू०१२१ एबीएसशी, यू०१४० दिवे, लॉक वगैरे सांभाळणाऱ्या बीसीएमशी, यू०१५५ डॅशबोर्डवरच्या मीटरशी. इथवर सगळे बरोबर. पुढे मात्र कोडमध्ये ज्याचे नाव आले तेच मोड्यूल बदलायला सांगितले जाते, आणि अंदाजपत्रक हजारांत, काही गाड्यांना लाखाच्या घरात जाते. या सवयीबद्दल लिहिणे मला गरजेचे वाटते.

कोडचा अर्थ एवढाच, की नोंद करणाऱ्या मोड्यूलला दुसऱ्याचा ठरलेला संदेश ठरल्या वेळेत मिळाला नाही. फोन उचलला गेला नाही हे कळले. माणूस घरी नाही, बॅटरी उतरली की रेंज गेली, ते कळले नाही. मोड्यूलला बोलायला तीन गोष्टी लागतात: बॅटरीचा पुरवठा, पक्के अर्थिंग आणि मोड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या ‘कॅन’ जाळ्याच्या दोन वायर. तिन्ही बाहेरून, मल्टीमीटरने तपासता येतात. त्या ठीक असल्याचे आकडे हातात आल्यावरच मोड्यूलवर संशय घ्यायचा.

कॅन ही पद्धत बॉश कंपनीने १९८३ पासून विकसित केली, १९८६ मध्ये जगापुढे मांडली आणि १९९३ मध्ये तिला आयएसओ ११८९८ हे आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायर, कॅन-हाय आणि कॅन-लो, यांवरून सगळी मोड्यूल बोलतात. कोणी बोलत नसताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. बोलताना हाय ३.५ कडे चढते आणि लो १.५ कडे उतरते. ऐकणारे मोड्यूल दोघींमधला फरक वाचते, त्यामुळे दोन्हींवर सारखाच पडलेला बाहेरचा त्रास वजा होतो. पीळ त्यासाठीच असतो. इंजिन आणि ब्रेककडच्या जाळ्याचा वेग बहुतेक गाड्यांत सेकंदाला ५ लाख बिट, म्हणजे एक बिट २ मायक्रोसेकंदांचा. एवढ्या वेगात संदेश टोकाला आपटून मागे फिरू नये म्हणून मुख्य वायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, बहुधा शेवटच्या मोड्यूलच्या आतच. दोन्ही समांतर जोडलेले असल्यामुळे बाहेरून मोजल्यावर ६० ओहम दिसतात. हा आकडा प्रत्येक इलेक्ट्रिशियनला तोंडपाठ हवा.

स्कॅनर लावल्यावर पहिले काम कोड डिलीट करणे हे नव्हे. सगळी मोड्यूल स्कॅन करावीत, कोणत्या मोड्यूलमध्ये कोणता कोड आहे, तो आत्ताचा की जुना, हे फोटो काढून किंवा कागदावर लिहून ठेवावे. अर्धे निदान या कागदावरच होते. ईसीएम, मीटर आणि बीसीएम हे तिघेही ‘एबीएस ऐकू येत नाही’ म्हणत असतील आणि स्कॅनरलाही एबीएस उत्तर देत नसेल, तर बिघाड एबीएसच्या फांदीवर आहे: त्याचा फ्यूज, अर्थिंग, कनेक्टर किंवा ते स्वतः. तक्रार एकट्या मीटरची असेल आणि बाकी सगळ्यांना एबीएस ऐकू येत असेल, तर मीटरची बाजू तपासायची. स्कॅनरला एबीएस व्यवस्थित उत्तर देत असूनही कोड आलेला असेल, तर मोड्यूल जिवंत आहे आणि मधूनमधून काहीतरी सुटते आहे. अशा वेळी ते बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. एकही मोड्यूल उत्तर देत नसेल, तर सगळीच एकदम खराब झाली असे होत नाही. तिथे मुख्य वायर शॉर्ट आहे, गाडीतली जाळी एकमेकांना जोडणारे गेटवे मोड्यूल बंद आहे किंवा स्कॅनरच्या सॉकेटचाच प्रश्न आहे.

त्या सोळा पिनांच्या सॉकेटपासूनच सुरुवात करावी. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज हवा, ४ आणि ५ या अर्थच्या पिना. १६ वर काही नसेल तर फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटचा आणि याचा फ्यूज एकच असतो आणि स्वस्तातल्या चार्जरने तो उडालेला असतो. त्यानंतर बॅटरी. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर काही मोड्यूल त्या क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि बाकीची त्यांच्या नावाने कोड टाकतात. पाच-सहा मोड्यूलमध्ये यू-कोड आणि सोबत कमी व्होल्टेजचा एखादा कोड, असे चित्र दिसले की आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि बॉडीची अर्थ पट्टी बघायची. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर काढून नीट आवळल्यावर गेलेले ‘नेटवर्कचे’ बिघाड थोडे नाहीत.

आता ६० ओहम. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि किमान पाच मिनिटे थांबा. मोड्यूल चालू असताना मल्टीमीटर ओहमवर लावला तर येणारा आकडा खोटा असतो. मग सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजा. ५५ ते ६५ च्या दरम्यान असेल तर मुख्य वायर आणि दोन्ही टोके जागेवर आहेत. साधारण १२० आले तर एक टोक तुटले आहे. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण एका रेझिस्टरवरही गाडी बऱ्याचदा चालते आणि फक्त कधीमधी अडखळते. ४० च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर आणून जोडला आहे, बहुधा बाहेरून बसवलेल्या उपकरणासोबत. शून्याच्या जवळ म्हणजे हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या. काहीच आले नाही तर सॉकेटकडे येणारी वायरच तुटली आहे.

पण ६० आले म्हणून सगळे ठीक, असेही समजू नये. मधल्या एखाद्या मोड्यूलकडे जाणारी फांदी तुटली तरी ६ आणि १४ मध्ये ६० च दिसतात, कारण रेझिस्टर टोकांना असतात. त्या मोड्यूलचा कनेक्टर काढून तिथे, वायरच्या बाजूने, पुन्हा मोजावे लागते. दोन्ही वायर एकेक करून अर्थशी आणि बॅटरी पॉझिटिव्हच्या वायरशीही मोजून घ्याव्यात; तिथे काही ओहम किंवा काही दहा ओहम दिसले तर शॉर्ट आहे. शिवाय नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतल्या जाळ्यांच्या मध्ये गेटवे मोड्यूल असते. सॉकेटवर मोजलेला आकडा तेव्हा फक्त गेटवेपर्यंतच्या तुकड्याचा असतो. आतले जाळे गेटवेच्या कनेक्टरवरच मोजावे लागते. वायरिंग डायग्राम समोर नसेल तर इथे अंदाज चालत नाही.

बॅटरी जोडून चावी ऑन केल्यावर व्होल्टेज बघा. साधा मल्टीमीटर सरासरी दाखवतो, म्हणून हाय साधारण २.६ ते २.७ आणि लो २.३ ते २.४ दिसते. दोन्हींची बेरीज ५ च्या आसपास हवी. हाय शून्यावर बसली असेल तर ती अर्थला लागली आहे. एखादी वायर १२ व्होल्ट दाखवत असेल तर पॉझिटिव्हला. व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप असेल तर दोन चॅनेलवर दोन्ही वायर एकदम बघाव्यात. एक वर जाते तेव्हा दुसरी तेवढीच खाली जायला हवी. कडा गोलसर झालेल्या, किंवा एकच बाजू हलते आहे, हे मल्टीमीटरच्या सरासरीत लपते. कॅनच्या वायरीला टेस्ट लॅम्प मात्र कधीही लावू नये.

शॉर्ट सापडत नसेल तर मल्टीमीटर ६ आणि १४ वर ठेवून एकेक मोड्यूलचा कनेक्टर काढत जावे. ज्याचा काढला आणि आकडा एकदम सुधारला, ते मोड्यूल किंवा त्याचा कनेक्टर दोषी. टोकाचे मोड्यूल काढले की ६० चे १२० होणारच, त्याला बिघाड समजू नये. एअरबॅगचे पिवळे कनेक्टर या खेळात घेऊ नयेत. त्यावर ओहम मोजणे म्हणजे मीटरचा प्रवाह एअरबॅगच्या स्फोटकाकडे पाठवणे. आणि इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या नारंगी केबलला त्याचे प्रशिक्षण नसलेल्याने हात लावूच नये.

बिघाड मधूनमधून येतो याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक मोड्यूल स्वतःच्या चुका मोजत असते. पाठवताना एक चूक झाली की मोजणी ८ ने वाढते, नीट गेलेल्या प्रत्येक संदेशामागे १ ने उतरते. २५५ च्या पुढे गेली की मोड्यूल स्वतःहून वायरवरून बाजूला होते, बाकीच्यांना त्रास नको म्हणून. थोड्या वेळाने किंवा चावी बंद-चालू केल्यावर ते परत येते. म्हणून ‘चावी फिरवली की ठीक होते’ हे सॉफ्टवेअरचे लक्षण मानून अपडेट मारत बसण्याआधी वायर, कनेक्टर आणि अर्थिंग हलवून बघावे: एक माणूस हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हळूहळू हलवतो, दुसरा मल्टीमीटर किंवा स्कोपवर आकडा बघतो. संशयित भागावर थोडे पाणी शिंपडून किंवा ड्रायरने गरम करूनही बिघाड बोलावता येतो.

पुरवठा आणि अर्थिंग तपासण्याची आपल्याकडची पद्धत मात्र बदलायला हवी. बीप वाजली म्हणजे वायर चांगली, हे चुकीचे आहे. सात तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बीप वाजते. मोड्यूलचा कनेक्टर काढून त्याच्या पॉझिटिव्ह आणि अर्थच्या वायरीत इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर खेचतो. बल्बच्या टोकांना बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी मिळत असतील तर कुठेतरी गंज आहे. मग अर्थच्या वायरीचे टोक आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यात मोजा; भार चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले की अर्थ पॉइंट उघडून घासायचा. बल्ब लावताना पिनेत जाड तार कोंबू नये. पिन सैल होते आणि नवा बिघाड तयार होतो. त्याच मापाची पिन जोडलेली वायर करून ठेवावी. तीच पिन कनेक्टरमधल्या प्रत्येक खोबणीत घालून ओढून बघितली की कोणती पकड ढिली आहे तेही हाताला कळते.

पाण्याचा भाग पुण्याला नवा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि २५ जुलै २०२४ ला मुठेच्या पाण्याने सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे. अशा पाण्यातून निघालेली गाडी धुऊन, वाळवून सुरू होते. पण गालिच्याखालचा फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो, आणि बऱ्याच गाड्यांत हार्नेसचे जोड नेमके पायापाशी, दाराच्या पट्टीखाली किंवा सीटखाली असतात. पाणी वायरीच्या आतून, तांब्याच्या तारांमधून वर चढत जाते, त्यामुळे ओल्या जागेपासून हातभर लांब असलेल्या कनेक्टरमध्येही हिरवा थर सापडतो. स्पंज काढून, गालिचा उचलून वाळवल्याशिवाय त्या गाडीचे काम पूर्ण झाले असे म्हणू नये.

पूर नसतानाही पाणी आत येते, आणि हे तर प्रत्येकाला घरी तपासता येईल. काचेखाली वायपरपाशी जी जाळी असते तिच्या खालच्या पन्हाळीत गुलमोहराची, पिंपळाची पाने साचतात, भोक तुंबते आणि पाणी उलटे डॅशबोर्डच्या आत, फ्यूज बॉक्स आणि बीसीएमवर उतरते. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी पाणी पायातच येते. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी मे महिन्यात ही पाने हाताने काढावीत. सोसायटीच्या तळघरात गाडी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघाव्यात. कॅनची जोडी बारीक असते आणि ती इंजिनच्या उबेला जवळ असते.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंबद्दल स्पष्ट लिहितो. रिव्हर्स कॅमेरा, रिमोट लॉक, जीपीएस ट्रॅकर, फॉग लॅम्प बसवताना जवळ दिसेल त्या वायरीचे साल काढून किंवा ब्लेडची क्लिप दाबून जोड घेतला जातो. क्लिपचे ब्लेड काही तारा कापते, उघड्या जागेतून ओल शिरते आणि वर्ष-दीड वर्षाने यू-कोड येतो, तोवर क्लिप कोणाच्या लक्षातही नसते. म्हणून यू-कोड असलेल्या गाडीत पहिल्यांदा बाहेरची सगळी उपकरणे काढून, सॉकेटमध्ये खुपसलेले ट्रॅकर आणि डोंगलही काढून, मग मोजावे. याच कारणाने वायरीत सुई टोचून मोजू नये.

दुरुस्तीही तेवढीच नीट हवी. कॅनची वायर तुटली असेल तर दोन्ही वायरींचे जोड एकाच जागी न घेता पुढे-मागे घ्यावेत, क्रिम्प किंवा सोल्डर करून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी, पीळ पुन्हा द्यावा आणि उघडा भाग पाच सेंटिमीटरच्या आत ठेवावा. एकच वायर बाहेरून वेगळी ओढून घेणे चुकीचे आहे. पीळ गेला की जोडीचा उपयोग गेला. नुसत्या काळ्या टेपचा जोड इंजिनच्या उष्णतेत चिकट होऊन सुटतो.

हे सगळे करूनही मोड्यूलच दोषी निघाले, तर बदलण्याला पर्याय नाही आणि त्यात गॅरेजचा दोषही नाही. फक्त जुन्या बाजारातले तेच मोड्यूल आणून चालत नाही हे ग्राहकाला आधी सांगावे. ईसीएम आणि बीसीएम चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरने एकमेकांशी बांधलेले असतात, मॉडेल आणि व्हेरियंटनुसार कोडिंग करावे लागते. आणि ज्या शॉर्टमुळे किंवा ज्या पाण्यामुळे पहिले गेले ते तसेच असेल, तर दुसरेही त्याच वाटेने जाते.

माझी विनंती दोघांना आहे. गाडीमालकांनी मोड्यूलच्या अंदाजपत्रकावर सही करण्याआधी जॉब कार्डवर सात आकडे लिहून मागावेत: बॅटरीचा उभ्या गाडीचा आणि सेल्फ मारतानाचा व्होल्टेज, ६ आणि १४ मधले ओहम, हाय आणि लोचा व्होल्टेज, त्या मोड्यूलच्या पुरवठ्यावर बल्ब लावल्यावरचा व्होल्टेज, आणि त्याच्या अर्थवर वाया जाणारा व्होल्टेज. हे काम तासाभराचे आहे आणि त्याची मजुरी द्यायला कां-कूं करू नये. निदानाला पैसे मिळत नाहीत म्हणूनच पार्ट बदलून बघण्याची पद्धत पडली आहे.

दुसरी विनंती कंपन्या आणि शिक्षणसंस्थांना. चाकण आणि पिंपरीत गाड्या तयार होतात, वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत त्यांची चाचणी होते, आणि त्याच शहरात धायरी, कात्रज, हडपसरच्या लहान गॅरेजला साधा वायरिंग डायग्राम मिळत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनक्षेत्रही घेतले आहे. कंपन्यांनी तिथे निदान कनेक्टरच्या पिनांचे तक्ते, टोकाचे रेझिस्टर कोणत्या मोड्यूलमध्ये आहेत आणि अर्थ पॉइंट कुठे आहेत एवढे तरी प्रत्येक मॉडेलसाठी ठेवावे. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. एका फळीवर पीळ दिलेल्या वायरीची पाच मीटर जोडी, टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर, मध्ये तीन-चार कनेक्टर आणि प्रत्येक जोडाला एक स्विच. शिक्षकाने स्विचने एक टोक तोडायचे, एक फांदी तोडायची, दोन वायर एकमेकींना लावायच्या, तिसरा रेझिस्टर जोडायचा. मुलांनी फळीची मागची बाजू न बघता मल्टीमीटरवरून बिघाड कोणता आणि कुठे ते सांगायचे. हे सगळे सामान शहरात सहज मिळते.

कळावे,
वाहन-विद्युत दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
धायरी, पुणे